डाव्या हाताच्या गाठी

दादाचा उजवा हात प्रेस मशिनमध्ये सापडला तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. सातपूरच्या एका लहान वर्कशॉपमध्ये पत्र्याला आकार देणाऱ्या मशिनवर तो काम करायचा. मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली. दवाखान्यातून घरी आला त्या दिवशी आईने चहाची बशी त्याच्या तोंडाशी धरली, तर तो म्हणाला, "खाली ठेव. मी घेतो." आईने ठेवली. त्याने डाव्या हाताने बशी उचलली, निम्मा चहा विजारीवर सांडला, उरलेला प्याला आणि कपबशी धुवायलाही स्वतःच मोरीवर गेला.

पुढे ते तसंच चाललं. सदऱ्याची बटणं तो स्वतः लावायचा, कितीही वेळ लागला तरी. नळावरून त्याची कळशी घ्यायला मी पुढे झाले तर डोळे वटारायचा. तसा तो रागीट नव्हता. पण आमच्यापैकी कुणी त्याच्या हातातलं काम काढून घ्यायला गेलं की त्याचा चेहरा बदलायचा. वर्कशॉपच्या मालकाने त्याला गेटवर बसायचं काम देऊ केलं होतं. "बसायला काय, म्हातारे बी बसतात," म्हणून तो घरी आला. मला वाटतं, त्याला एवढंच हवं होतं की आपण अजून कामाचा माणूस आहोत हे त्याचं त्याला पटावं. मी जे सांगणार आहे ते सगळं तेवढ्यापुरतंच आहे. नीट सांगता येईल का, ठाऊक नाही.

नाशिकरोडहून देवळाली कॅम्पाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमची वस्ती होती. आबा, म्हणजे आमचे वडील, रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाली करायचे. दोन खोल्या, मागे थोडी मोकळी जागा, तिच्यापलीकडे नाला आणि घाणेरीची झुडपं. घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. दादा नववीतून शाळा सोडून कामाला लागला होता, आणि मला कॉलेजात घालायची वेळ आली तेव्हा आबांशी भांडला तो तोच. वस्तीतल्या बायका मला "कॉलेजवाली" म्हणायच्या. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, मला कधी कळलं नाही. दादा नुसतं "कॉलेज" म्हणायचा.

"ए कॉलेज, तुमच्या पुस्तकात कोंबड्यांचं काय लिवलंय का?" त्याने एके दिवशी जेवताना विचारलं.

"माझा विषय मराठी आहे."

"मग मराठी कोंबड्यांचं बघ."

आबा हसले. आईने भाकरी थापता थापता वर बघितलं. अपघातानंतर दादाने केलेली ती पहिली थट्टा होती.

कोंबड्यांचं त्याच्या डोक्यात बरेच दिवस घोळत असावं. कॅम्पात फौजी लोकांची कुटुंबं होती, त्यांना रोज अंडी लागायची. बाजारातली अंडी कधी बिघडलेली निघायची. मागच्या जागेत जाळी मारून तलंगा पाळायच्या, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, आणि अंडी सुरू झाली की सायकलवर डबा बांधून रोज सकाळी क्वार्टरोक्वार्टर ताजी द्यायची, असा त्याचा बेत होता. हे त्याने एका दमात सांगितलं. मग ताटाकडे बघत म्हणाला, "जाळी मी बांधणार. सांगून ठेवतो."

 आईने त्याच्या ताटात अजून एक भाकरी टाकली, आणि ते आम्हा तिघांचंही हो होतं.

जाळी कॅम्पातल्या भंगारवाल्याकडून आणली. लष्करी लिलावातला माल त्याच्याकडे यायचा. लोखंडी खाटा, तंबूचे खांब, काटेरी तारांची भेंडोळी. नवी जाळी आम्हाला परवडण्यासारखी नव्हती. मिळाले ते तुकडे होते. एक षटकोनी भोकांचा, कुठल्याशा मेसच्या भाजीच्या वाफ्याला लावलेला असावा, कारण त्यात वाळलेले वेल अडकले होते. दुसरा चौकोनी, जाड तारेचा. तिसरा बारीक भोकांचा आणि गंजलेला. आबा आणि दादा ते तुकडे गुंडाळून, सायकलला बांधून हाताने ढकलत आले. पुढे आबा, मागून दादा.

खांब रोवायच्या दिवशी सकाळीच एक मुंगूस नाल्याकडून आलं, आमच्या मोकळ्या जागेतून तिरकं गेलं आणि घाणेरीत शिरलं. लहानपणी मुंगूस दिसलं की आम्ही पोरं त्याला शपथ घालून तोंड दाखवायला सांगायचो. आईने हातातला खराटा खाली ठेवला.

"मुंगूस दिसलं गं बाई! आता व्हणार काम."

"दीक्षा घेतली तवा सगळे देव गोदावरीत सोडले," आबा पहार मारता मारता म्हणाले, "आन ही मुंगसाला धरून बसलीय."

"मुंगूस देव हाय व्हय? मुंगूस शकुन हाय. शकुन कुठं सोडला आपण?"

"सोडायचा ऱ्हायला वाटतं," दादा म्हणाला. "आबा, एकदा जाऊन शकुन बी सोडून या."

आई त्याच्या अंगावर खराटा घेऊन धावली. आम्ही सगळे हसलो. कोंबड्यांसाठी जाळी बांधायला निघालेली माणसं मुंगूस बघून खूश होत होती, आणि आमच्यापैकी एकालाही त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. मी कॉलेजवाली, मलाही नाही. नंतर कितीदा मनात आलं, की साप दिसला असता तर आम्ही जास्त सावध झालो असतो.

जाळी जोडायचं काम दिसतं सोपं. तसं ते नसतं. दोन तुकडे नुसते कडेला कड लावून चालत नाही, एकावर एक चार बोटं तरी चढवावे लागतात. आमच्या तुकड्यांची भोकं सारखी नव्हती, त्यामुळे एक भोक दुसऱ्यावर नीट येतच नसे. तारेचा तुकडा दोन्हीतून ओवायला जागा शोधावी लागे. मग तारेची दोन टोकं जवळ आणायची, पक्कडीत धरायची, जरा ओढायची आणि ओढलेली असतानाच पीळ द्यायचा. ओढ कमी पडली तर पीळ नुसता दिसायला बसतो, जाळीला धरत नाही.

आईला गोधडी शिवायची सवय. तिने लांब तार घेतली आणि टाके घालत निघाली.

"आई, गोधडी नाय ही," दादा म्हणाला. "एक टाका तुटला का सगळी शिवण उसवंल. एकेक गाठ सुटी मार. एक गेली तरी बाकीच्या धरून ऱ्हातात."

"तुझ्या बापाला माझ्या गोधड्या तीस वर्सं पुरल्या."

"आबांना मुंगूस चावत नाय रात्री," तो म्हणाला. थट्टेत म्हणाला. आई हसून पुन्हा पहिल्यापासून गाठी मारायला लागली.

घराकडची आणि दाराकडची बाजू आईने आणि मी जोडली. नाल्याकडची मागची बाजू, जी सगळ्यात लांब होती, ती दादाने घेतली. मी जाळी धरायला गेले.

"तू तिकडं बघ, कॉलेज."

"एकट्याने कसं जमेल? धरते नुसती."

"नुसती बी नको."

मी मागे झाले, पण तिथेच तारेचे तुकडे कापत बसले. तो कसा करतो ते मला दिसत होतं. उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी जाळीच्या भोकांत घालून तो दोन्ही तुकडे दाबून धरायचा. तारेचं एक टोक दातात. मग डाव्या हातात पक्कड. डाव्या हाताला अजून ती नीट पेलत नव्हती. पीळ देताना तो डावीकडे फिरवायचा, त्यामुळे त्याच्या गाठी आमच्या गाठींच्या उलट्या वळायच्या. त्याने ते आमच्याआधी बघितलं.

"ए, बघा बघा. माझ्या गाठी डावखुऱ्या झाल्या."

आईने येऊन बघितलं. "उलट्या असल्या म्हणून काय झालं? गाठ ती गाठ."

दुपार कलली तसा त्याचा हात थकलेला दिसायला लागला. सुरुवातीच्या गाठी चांगल्या घट्ट होत्या. पुढच्या, खाली जमिनीलगतच्या गाठी मारायला त्याला पोटावर झोपावं लागत होतं, आणि तिथे पीळ कमी पडत होते. मला ते दिसत होतं.  ओठाला तार लागून रक्त आलं होतं, ते तो बाहीने पुसत होता. आणि तरी तो शीळ घालत होता. अपघातानंतर मी त्याची शीळ ऐकली नव्हती.

संध्याकाळी आबा काम बघायला आले. मालधक्क्यावर दोर आणि पोती बांधण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं, त्यामुळे बांधलेली कुठलीही गोष्ट ओढून बघायची त्यांना सवय होती. त्यांनी आईची बाजू दोन्ही हातांनी धरून अशी हिसकली की खांब हलला. एक गाठ सुटली.

"ही काय बांधलीस?"

"हाडं मोडली माझी, आन ही काय म्हणं!" आई चिडली, पण तिने ती गाठ पुन्हा मारली.

माझीही बाजू त्यांनी हिसकून बघितली. मग ते मागच्या बाजूला गेले. दादा पक्कड हातात धरून उभाच होता. आबांनी त्याच्या जोडावरून वरून खालपर्यंत तळहात फिरवला, जसा बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा, आणि म्हणाले, "बेस."

एवढंच. दादाने पक्कड पिशवीत टाकली आणि हात धुवायला गेला.

तलंगा आल्या. काही गावठी, काही पांढऱ्या पोल्ट्रीच्या. दादा त्यांच्यामागे वेडा झाला. पहाटे उठून खाणं, पाणी, राख पसरणं. कॅम्पाकडून तोफांच्या सरावाचे आवाज यायचे. वस्तीतली भांडी थरथरायची आणि तलंगा एका कोपऱ्यात गोळा होऊन बसायच्या. एक गावठी कोंबडी खुडूक झाली आणि अंड्यांवर बसली, तेव्हा आईने तिच्याखालच्या टोपलीत एक लोखंडी खिळा ठेवला. गडगडाटाने अंड्यातलं पिल्लू मरतं, लोखंड असलं की मरत नाही, असं तिचं म्हणणं.

"आई, तो पावसाचा गडगडाट. ही तोफ हाय."

"कोंबडीला काय ठाव कशाचा आवाज हाय?"



पांढऱ्या कोंबड्या अंड्यांवर आल्या तसा दादा सायकलला डबा बांधून कॅम्पात जायला लागला. पहिल्या दिवशी घाबरला होता, पण तसं म्हणाला नाही. परत आला तेव्हा डबा रिकामा होता. आल्या आल्या त्याने सायकल भिंतीला टेकवली आणि मलाच सांगत सुटला.

"एका सुभेदाराची बायको हाय, पंजाबी असंल. दारात येऊन म्हणती, 'ताज़े हैं?' म्हटलं, सुबह के हैं. तर तिनं एक अंडं घेतलं, उन्हाकडं धरून बघितलं, मग दुसरं बघितलं. समदी बघितली, कॉलेज. एकेक."

"विश्वास नाही का तिचा?"

"तसं नाय गं." तो जरा थांबला. "तिनं हाताकडं बघितलंच नाय. अंड्यांकडं बघितलं."

ते मला तेव्हा पूर्ण कळलं नव्हतं. पण त्याचा चेहरा मला आठवतो. त्या दिवसांत घरात कुणी त्याच्याशी जपून बोलत नव्हतं, आणि तोही आमच्याशी भांडत होता, खोड्या काढत होता. आईने एकदा भाजीत मीठ जास्त घातलं तर म्हणाला, "तोफेचा आवाज झाला का काय हात हलायला?" आई इतकी खूश झाली की तिने त्याला अजून भाजी वाढली.

मग ती सकाळ आली.

माझी परीक्षा जवळ आली होती म्हणून मी उजाडायच्या सुमाराला उठून पुस्तक घेऊन मागच्या दाराशी बसायचे. त्या दिवशी दार आधीच उघडं होतं. आई जाळीच्या मागच्या बाजूला, नाल्याकडे, मातीत बसली होती. तिच्या हातात पक्कड होती. मला वाटलं काहीतरी सांडलंय म्हणून ती गोळा करतेय. जवळ गेले तर आत पांढरी पिसं पसरलेली दिसली, आणि कोंबड्या. मुंगूस एक घेऊन जात नाही. ते मान फोडतं आणि पुढच्या कोंबडीकडे जातं. जिवंत होत्या त्या वरच्या दांडीवर एकमेकींना चिकटून बसल्या होत्या, आवाजही करत नव्हत्या. खुडूक कोंबडीची टोपली उलटी झाली होती.

"आई!"

"हळू बोल." तिने वर बघितलं नाही. "तो उठंल."

दादाच्या जोडाच्या खालच्या गाठी सुटल्या होत्या. तिथे जाळी आत वाकली होती आणि तिला पिसं चिकटली होती. आई ती जाळी ओढून, नव्या तारेचे तुकडे घालून गाठी मारत होती. भराभरा, घट्ट. पिसं तिने वेचून काढली. मग ती उठली, पुढच्या बाजूला आली, तिने स्वतः मारलेल्या गाठींपाशी बसली आणि त्या पक्कडीने सोडवायला लागली.

"काय करतेस?"

"माझ्या शिवणीतून शिरलं म्हणायचं."

"आई, पण..."

"तू काय बी म्हणू नको. तू फक्त अभ्यास कर."

तिने तिथली जाळी पायाने आत वाकवली. मग वेचलेली पिसं तिथे नेऊन चिकटवली. तिच्या बोटातून रक्त येत होतं. मी उभी होते. तिला थांबवावं की मदत करावी, मला सुचत नव्हतं, आणि आजही मी तिथे असते तर मला सुचलं असतं असं वाटत नाही.

दादा उठला, बाहेर आला आणि उंबऱ्यातच थांबला. आई म्हणाली, "माझ्याच गाठी सुटल्या बघ. तू म्हणत व्हता नीट मार, मी मेली ऐकत नाय कुणाचं." ती भरभर बोलत होती.  दादा जाळीच्या आत गेला, एकेक कोंबडी उचलून बाहेर ठेवली. एक पांढरी अजून हलत होती, ती त्याने हातात घेतली, आणि तीही थोड्या वेळाने थांबली. सुभेदाराच्या बायकोने उन्हाकडे धरलेली अंडी तिचीही असतील, असं माझ्या मनात उगाच आलं.

मग तो जाळीभोवती फिरला. आईने दाखवलेल्या भगदाडापाशी बसला, उठला. मागे गेला. मागच्या जोडाशी तो वाकला आणि डाव्या हाताचं बोट एकेका गाठीवरून खाली नेत गेला. सगळ्यात खाली येऊन थांबला.

"आई, ही गाठ कुणी मारली?"

"कंची?"

"ही. आन ही. ह्या उजवीकडं वळल्यात."

आई म्हणाली, "तवाच मारली असंल मी. तू थकला व्हता ना..."

"तार नवी हाय."

 मी पुस्तक छातीशी धरून उभी होते. नाल्याकडून कुणाची तरी शेळी ओरडत होती.

"माझ्या सुटल्या ना?"

"तुला वाईट वाटलं असतं, बाळा."

"वाटलं असतं." तो अजून वाकलेलाच होता. "मग परत बांधल्या असत्या."

"आता बांध की! कुणी नको म्हटलं?"

"वर्कशॉपात मशिनवरचा जॉब बिघडला का फोरमन आईबापावरून शिव्या द्यायचा," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त लागत होता. "ह्या हाताच्या आधी. रोज द्यायचा. आपण बी मनात त्याला द्यायच्या आन परत मशिनवर उभं ऱ्हायचं. आबांनी तुझी जाळी हिसकून बघितली त्या दिवशी. ह्या कॉलेजची बी बघितली. माझ्या जोडावर नुसता हात फिरवला. मी तवाच समजायला पायजे व्हतं. मला वाटलं, बरी झाली असंल म्हणून."

आई त्याच्याजवळ गेली. त्याच्या डोक्याला हात लावायला गेली, पण मध्येच थांबली. तिचा हात तसाच हवेत राहिला आणि मग तिने तो पदराला पुसला.

"माझं चुकलेलं तरी माझं ऱ्हाऊ द्यायचं ना, आई," तो म्हणाला.

संध्याकाळी आबा मालधक्क्यावरून आले. आईने त्यांना सगळं खरं सांगितलं. ते टोपी न काढता तसेच मागे गेले आणि दादाचा जोड दोन्ही हातांनी धरून हिसकायला लागले. एकदा, दोनदा, पुन्हा. खांब कलला, दोन गाठी सुटल्या. घरात बसलेल्या दादाला तो आवाज ऐकू येत होता. तो दारात आला.

"आता कशाला, आबा?"

आबांनी जाळी सोडली. वस्तीत वजनी पोती उचलण्यात त्यांचं नाव होतं, पण त्या वेळी त्यांना आपले हात कुठे ठेवावेत हे कळत नव्हतं. ते म्हणाले, "उद्या दोघं मिळून बांधू. मी चुकलो तर तू सांग, तू चुकला तर मी सांगन."

"बघू," दादा म्हणाला.

तो उद्या आलाच नाही. उरलेल्या कोंबड्या त्याने काही दिवसांत कॅम्पातल्या एका खाटकाला देऊन टाकल्या. आई म्हणत राहिली, नव्या तलंगा आणू, माझ्या हातातल्या पाटल्या मोडू. तो हो म्हणायचा नाही आणि नाहीही म्हणायचा नाही. डबा धुऊन त्याने माळ्यावर टाकला. सुभेदाराच्या बायकोने एकदा कुणाकरवी विचारलं, भैया का येत नाही. ते मी त्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. शर्टाची बटणं तो अजून स्वतःच लावायचा, पण आता मी कळशी घ्यायला पुढे झाले तर देऊन टाकायचा. मला ती कळशी फार जड लागायची.

आईचा भाऊ लांब देवळा तालुक्यात असायचा. तिकडे राहून त्याची बोली सगळी अहिराणी झाली होती. त्याने एका कांदा-व्यापाऱ्याकडे दादासाठी शब्द टाकला. कांदे साठवायच्या चाळींवर राखण करायची होती.

"काम काही भारी नही शे, भाचा," मामा आमच्या ओट्यावर बसून म्हणाला. "बठी ऱ्हावानं."

बसून राहायचं. आईने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं दादा आता उठून जाईल. त्याने चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि विचारलं, "कधी यायचं?"

तो गेला त्या दिवशी आम्ही तिघं नाशिकच्या एसटी स्टँडपर्यंत सोडायला गेलो. आबांनी त्याची वळकटी खांद्यावर घेतली आणि त्याने ती घेऊ दिली. गाडी सुटेपर्यंत तो खिडकीतून माझ्याशीच बोलत होता. परीक्षेला घाबरू नको, लिहून काढ सगळं, पास झालीस की मला पत्र टाक, असं. मी पास झाले. पुढेही शिकले. देवळ्याला पत्र टाकलं. त्याचं उत्तर आलं, तिथल्या कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. तो डाव्या हाताने लिहायला शिकला असता, असं मला अजून वाटतं.

तो सुट्टीवर यायचा. चांगला राहायचा, कपडे नीटनेटके असायचे, आमच्यासाठी कांद्याची गोणी घेऊन यायचा. कोंबड्यांची जाळी मागे तशीच उभी होती, आईने तिच्यावर भोपळ्याचा वेल सोडला होता. एकदा तो यायच्या आधी मागच्या दाराची बिजागरी निखळली. आबा दुरुस्त करायला उठले तर आईने त्यांना बसवलं. "ऱ्हाऊ द्या. तो येतोय." आठवडाभर आम्ही दाराला दगड लावून झोपलो.

दादा आला. जेवण झालं. आई चुलीशी बसली होती. मी बघितलं, ती काहीतरी ठरवून बसली होती, तिचे ओठ हलत होते. मग तिने मान वर केली आणि मोठ्याने म्हणाली, "अरे ए गाढवा! दार निखळलंय दिसत नाय का तुला? नुसता गिळतोय! पक्कड घे आन नीट कर. आन नीट नाय झालं ना, तर बघ मग!"

आईने आयुष्यात त्याला कधी गाढव म्हटलं नव्हतं. 

दादाने मान वर केली. मला वाटलं, आता उठेल. तो हसला, पाहुणा परक्या घरी हसतो तसा.

"आबांना सांग ना," तो म्हणाला. "नायतर सुताराला बोलव. मी पैसे देतो त्याचे."

आणि तो ओट्यावर जाऊन बसला. आई फुंकणी घेऊन चुलीकडे वळली. चूल चांगली पेटलेली होती, तरी ती कितीतरी वेळ फुंकत राहिली.